रोबोटचा फोटो नको, रबाळ्याची बातमी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआयची बातमी आली की सोबत तोच निळा मेंदू नाहीतर पांढरा रोबोट आणि वर हेडलाइन, नोकऱ्या जाणार. ऐरोली-घणसोलीत कितीतरी घरं आयटी आणि बीपीओवर चालतात हो, सकाळी अशी हेडलाइन आली की दिवसभर सोसायटीच्या ग्रुपवर तीच फिरते. बारावी झालेली भाची मला विचारते, मामा, बीकॉमला आता काही अर्थ आहे का?

बातमीच्या आत बरेचदा वेगळंच असतं. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या दोघा संशोधकांनी अंदाज मांडला की अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना ऑटोमेशनचा धोका जास्त आहे, म्हणजे ती कामं मशीनला जमू शकतील, प्रत्यक्षात किती जातील ते त्यांनी सांगितलंच नव्हतं, पण लोकांपर्यंत पोचलं ते 'निम्म्या नोकऱ्या गेल्या' असं. 2017 ला तर फेसबुकच्या बॉटनी, म्हणजे आपोआप बोलणाऱ्या प्रोग्रॅमनी, स्वतःची भाषा काढली म्हणून घाबरून बंद केले अशा बातम्या आल्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं, बॉटना घासाघीस शिकवताना नीट इंग्रजीतच बोलायचं हे बंधन घातलं नव्हतं म्हणून ते तुटक बोलायला लागले, संशोधकांना माणसांशी बोलणारे बॉट हवे होते, त्यांनी तसा बदल केला. पण ती भीती अजून फॉरवर्ड होतेय.

आणि भाकितं कोणाची छापता? बहुतेक वेळा एआय विकणाऱ्या कंपनीच्या सीईओचीच. त्याला एकतरी उलटा प्रश्न विचारा ना.

एआय हवेत चालत नाही, डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतं आणि मोठमोठी डेटा सेंटर्स आपल्याच रबाळे, महापे, ऐरोलीत उभी आहेत. रोज त्यांच्यासमोरून जातो आम्ही. त्यांना वीज किती लागते, कूलिंगला पाणी किती आणि कुठून, बिल्डिंग बांधून झाल्यावर आत कामाला माणसं किती आणि त्यात इथली पोरं किती, हे मला वाचायचंय. महापेच्या कॉल सेंटरमधल्या मुलामुलींशी बोला, कुठलं काम बॉटकडे गेलं, कुठलं राहिलं, पगारात काय फरक पडला, ते तुम्हाला सीईओपेक्षा नीट सांगतील.

एक रिपोर्टर आठवडाभर टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे आमच्या या रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात फिरवा आणि तो जे आणेल ते पहिल्या पानावर घ्या, फोटोही तिथलाच लावा.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई