तिच्या शेजारी बस

प्रिय बाय,

तुझा मेसेज बाबांनी ओटीवर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आपली पोर न्यू जर्सीत कॅथलिक होऊ पाहणाऱ्या एका मुलीची चर्चमधली सोबतीण झाली म्हणून स्वारी खूश आहे. मी मात्र तुझ्या शेवटच्या ओळीवर अडले. ‘आई, तिनं काही विचारलं आणि मला नाही आलं तर?’

अगं, शिकवायला फादर आहेत, वर्ग घेणारे आहेत. तू फक्त तिच्या शेजारी बस. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, तिला पहिल्या बाकावर नेऊ नकोस. पुढे माणसं असली की उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे हे बघून कळतं. कम्युनियनला, पवित्र भाकर घ्यायला, अख्खा बाक रिकामा होतो आणि नवं माणूस एकटं उरतं, तो क्षण फार अवघड असतो. तुमच्याकडे अशा शिकणाऱ्यांना प्रवचनानंतर बायबलच्या वचनावर बोलायला बाहेर नेत असतील तर प्रश्न नाही. नसतील तर आधीच सांगून ठेव, की हवं तर छातीवर हात आडवे धरून रांगेत ये, फादर आशीर्वाद देतील. नको असेल तर बसून राहा, मीही तुझ्याजवळ थांबते.

मोठ्या माणसांना टप्प्याटप्प्यानं चर्चमध्ये घ्यायच्या या रीतीला तू ओसीआयए म्हणतेस, ते आमच्या कानावरचं आरसीआयए. नाव बदललं, टप्पे तेच. पहिल्या शतकांतली ही रीत जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं परत आणायची ठरवली आणि १९७२ मध्ये रोमनं विधी काढला. त्याआधी फादरांकडे खासगीत शिकायचं आणि एखाद्या दुपारी चार माणसांत बाप्तिस्मा. आता सगळं धर्मग्रामासमोर, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या माणसांसमोर होतं, हे मला पटतं. येणाऱ्याला कळतं की आपण कुणाच्या घरात शिरतोय, आणि घरच्यांनाही जरा आवराआवर करावी लागते.

तिला शिकाऊ म्हणून चर्चमध्ये घेतात त्या स्वीकाराच्या विधीची तयारी मनाशी करून ठेव. फादर तिच्या कपाळावर क्रूस काढतील. पुढे कान, डोळे, ओठ, छाती, खांदे, हात यांवर क्रूस काढायचं काम बहुतेक तुझंच. शेवटी पाय. त्यासाठी तुला तिच्यासमोर खाली वाकावं लागेल. आपल्याकडे पायाशी कोण कुणाच्या वाकतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून हे पुस्तकात वाचण्यापेक्षा करताना जास्त कळेल. त्या दिवसापासून ती चर्चची. बाप्तिस्म्याआधी तिचं काही बरंवाईट झालं तरी चर्च तिला ख्रिस्ती माणसासारखीच मूठमाती देतं, कायद्यातच तसं आहे.

तुमच्या गटातल्या त्या मेथडिस्ट काकांचं मात्र वेगळं. त्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, तो पुन्हा होत नाही. कुणी ‘हे नवे ख्रिस्ती’ अशी ओळख करून दिली तर त्यांना लागेल, तेवढं सांभाळ. आणि कुणाचा घटस्फोट होऊन दुसरं लग्न झालेलं असेल तर आत्ताच फादरांच्या कानावर जाऊ दे. त्याची चौकशी चर्चच्या न्यायालयात चालते, वेळ खाते. ऐन ईस्टरच्या तोंडावर ‘थांबा’ ऐकावं लागलं तर माणूस खचतं.

प्रश्नांचं म्हणशील तर पहिले प्रश्न त्रैक्याचे, एक देव तीन कसा असले, नसतातच. शुक्रवारी मटण बंद पण मासे चालतात, मग हा कसला उपवास, हेच आधी येतं. (आपले शेजारी अजून हसतात यावर.) अवघडही येतील. पाद्रींनी लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांचं विचारलं तर ‘जुनं झालं ते’ म्हणू नकोस. बॉस्टनचं प्रकरण २००२ मध्ये उघड झालं. पाप जसं होतं तसंच सांग, वकिली करू नकोस. जे येत नाही त्याला ‘माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणावं. गोव्यातल्या इंग्रज स्टीफन्स पाद्रींचं १६१६ चं मराठी ख्रिस्तपुराणसुद्धा एका ब्राह्मणाच्या प्रश्नावरून सुरू होतं. जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का दिलं नाहीत? उत्तरादाखल अकरा हजारांच्या आसपास ओव्या झाल्या. तुझ्याकडून कुणाची तेवढी अपेक्षा नाही.

इथे हा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. काही राज्यांत धर्म बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्याला आगाऊ कळवावं लागतं, आणि आमिष हा शब्द तर लोकांच्या जिभेवरच असतो. त्या धाकानं का होईना, कुणाला ओढायचं नाही हे आपल्या अंगवळणी पडलंय. तेच तिकडे पाळ. ती मध्येच थांबली तर थांबू दे. तरीही तिला जेवायला बोलवायचं, आणि त्या दिवशी मिस्साचं नाव काढायचं नाही. संत ऑगस्टिननं ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याची तिशी उलटली होती. त्याच्या आईनं, मोनिकानं, किती वर्षं रडून काढली! तुला तेवढी रजा मिळायची नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांसमोर नावं जातील. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी शुभवर्तमानातल्या या गोष्टी वाचतात: विहिरीवरची शोमरोनी बाई, दृष्टी मिळालेला जन्मांध आणि मेलेला उठलेला लाजर. ती बाई येशूला उलट प्रश्न विचारते, ते तिला आवर्जून वाचून दाखव. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन एकापाठोपाठ होईल. फुलं, फोटो, केक.

खरी कसोटी पुढच्या रविवारी. वर्ग संपतो, गट पांगतो, आणि कालपर्यंत जिच्यासाठी टाळ्या वाजल्या तिला पार्किंगमध्ये कुणी ओळखत नाही. ईस्टरनंतरचा, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतचा काळ विधीत नव्यांना सांभाळायला मुद्दाम ठेवलाय, पण बऱ्याच ठिकाणी तो कागदावरच राहतो. तेव्हा मला तू हवीस. तिला वाचनाच्या गटात ने, गरिबांच्या जेवणाच्या रांगेत वाढायला उभी कर. पहिल्या कन्फेशनची भीती वाटली तर तुझी स्वतःची फजिती सांग.

मावशी मार्चमध्ये येतेय तिकडे. तिच्याबरोबर सोडे पाठवते. ती मुलगी तिखट खाते का, तेवढं कळव.

तुझी,
आई