गाडीचं छप्पर झालं रे!

कोलंबस, ओहायो
27 सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मोटरहोमचं, म्हणजे आमच्या त्या घरासारख्या गाडीचं, छप्पर दुरुस्त झालं! आठवडा गेला, अंगाचा पार पिट्टा पडला. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

पलंगाच्या वर चहा सांडल्यासारखा डाग दिसला. दाबलं तर बोट आत गेलं. वर चढून पाहिलं, तर त्या जागी छपरावरचं रबराचं आवरण धडधाकट! पाणी शिरत होतं सहा फूट पुढे, बाथरूमच्या व्हेंटच्या, म्हणजे छपरातल्या झरोक्याच्या, कडेने. तिथलं सीलंट, म्हणजे फट बुजवायचा लेप, वाळून तडकलं होतं. इथल्या थंडीत फटीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि फट आणखी रुंद करतं. तुमच्या गावच्या घरात कौल फुटायचं एकीकडे आणि वाशावरून ओघळून थेंब पडायचा भलतीकडे, आठवतं? अगदी तसंच.

जुनं रबर ओढून काढलं आणि काळजात चर्र झालं. खालचं प्लायवूड काळं पडलेलं, मुठीत धरलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा लगदा. स्क्रूची गंजलेली डोकी तुटून हातात येत होती. कुजलेलं सगळं कापून काढलं आणि दोन दिवस पंखे लावून सांगाडा सुकवला. हात शिवशिवत होते, पण थांबलो. ओल आत कोंडली असती तर नव्या रबराखालीही लाकूड कुजतच राहिलं असतं.

नवं रबर ईपीडीएमचं (हे एक कृत्रिम रबर), जाडी एक मिलिमीटरहून जरा जास्त. अर्धी चादर दुमडायची, लाकडावर रोलरने गोंद लावायचा, मग चादर हळूहळू परत पसरत मधून कडांकडे हवा ढकलायची. बायको तळहाताने एकेक फुगा कडेला नेत होती. डोळ्यांत तेल घालून करायचं काम मात्र व्हेंट आणि एसीच्या भोकांचं. रबर फुलीसारखं कापून कडा आत दुमडल्या, चौकटीखाली बुटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वरून स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट. पुसायला साबणाचं पाणीच. रॉकेल-पेट्रोल लागलं की हे रबर फुगतं.

तुझे अण्णा दर मे महिन्यात न चुकता शाकारणी करून घ्यायचे. मी तीन वर्षं वर फिरकलोच नव्हतो, त्याचं फार वाईट वाटलं. आता वर्षातून दोनदा शिडी लावणार.

काल रात्री धो धो पाऊस आला. मी मुद्दाम गाडीतच झोपलो. पहाटे उठून तो कोपरा हाताने चाचपला. कोरडा!

तू कधी येतोस ते कळव. पलंगाची ती बाजू तुझी.

तुझाच,
मित्र