उशीखालच्या सहा कॅप्सूल

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी तुला येत्या रविवारी तिकडच्या डॉक्टरांना भेटून यायला सांगितले आणि तू "हो बाबा" म्हणालास. तुझे "हो बाबा" मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून फोनवर अर्धवट राहिलेले बोलणे कागदावर उतरवीत आहे. तू गेल्यावर आईने तुझी गादी उन्हात टाकायला काढली, तेव्हा उशीखाली तुझ्या तापावर दिलेल्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप सापडली. चौदा कॅप्सूलपैकी सहा तिच्यात जशाच्या तशा आहेत. डॉक्टरांनी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे सात दिवस लिहून दिले होते, म्हणजे चौथ्या रात्रीनंतर तू औषध घेतलेलेच नाहीस.

तुझी बाजू मला कळते. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला, तोंडाला चव आली, आईच्या हातचा गोळाभात तू पोटभर जेवलास आणि पाचव्या दिवशी गाडी गाठायची होती. पण ताप उतरला याचा अर्थ जंतूंची संख्या पुरेशी घटली, एवढाच असतो. सगळे संपले की नाही, हे अंग हलके वाटण्यावरून ठरवता येत नाही. त्यातून तुझे दुखणे साधे नव्हते. पोळ्याला आलास, घरूनच कंपनीचे काम करीत राहिलास आणि फावल्या वेळी आमच्याबरोबर वावरात निंदायला येत होतास, तेव्हा धुऱ्यावरच्या गवतातला डोळ्यांना न दिसणारा चिगर नावाचा किडा तुला चावला असणार. चावल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा दहा-बारा दिवस जातात, त्यामुळे त्या चाव्याची आठवण कोणालाच राहत नाही. कमरेखाली बिडीचा चटका बसावा तसा काळ्या खपलीचा डाग होता आणि तो दुखत नव्हता, म्हणून तू तो कोणाला दाखवलाही नाहीस. डॉक्टरांनी तुला नीट तपासले म्हणून तो सापडला आणि स्क्रब टायफसची शंका आली. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या भागांत या रोगाची साथ आली, तेव्हा मी आरोग्य केंद्रात नोकरीत होतो. उपचारास उशीर झाला तर हा रोग फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत जातो, ही गोष्ट आम्ही त्या वर्षी नीट शिकलो.

आणखी एक गोष्ट लक्षात घे. तापाच्या पहिल्या दोन दिवसांत तू चौकातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतल्यास आणि "गुण नाही, पॉवर कमी पडत असेल" असे म्हणालास. पॉवरचा तो प्रश्नच नव्हता. पेनिसिलिन आणि सेफिक्झिमच्या जातीची औषधे जंतूची भिंत उभी राहू देत नाहीत, पण स्क्रब टायफसच्या जंतूवर ती चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन जंतूचे प्रथिन तयार करण्याचे काम थांबवते आणि ते त्याच्यावर चालते. दुसऱ्या कुलपाची किल्ली कितीही जोराने फिरवली तरी कुलूप उघडत नाही. सर्दी, फ्लू, डेंग्यू आणि चिकनगुनिया हे तर विषाणूंचे आजार आहेत आणि विषाणूंवर यांपैकी एकाही औषधाचा उपयोग होत नाही.

सेफिक्झिमसारखी औषधे 1 मार्च 2014 पासून औषधांच्या नियमांतल्या एच-1 या अनुसूचीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती द्यायची आणि ती वही तीन वर्षे सांभाळायची, असा नियम आहे. तुला त्याने काहीच विचारले नाही, हा त्याचा दोष आहेच, पण मागणारा तू होतास. स्ट्रिपवर लाल रेघ दिसली की हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे तरी ओळखत जा.

हे सर्व आजच लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. आईने ती स्ट्रिप ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली होती. परवा शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या नातवाला सर्दी-पडसे झाले होते आणि "तुमच्या पोराला ज्या गोळ्यांनी गुण आला, त्यांतल्या दोन द्या" असे त्या म्हणाल्या. पोर पाच वर्षांचे आहे. मी नाही म्हणालो, तर त्या रागावून गेल्या. सहा कॅप्सूलसाठी मी कंजूष ठरलो. त्यांना मी काय सांगावे? ते औषध एका माणसाचे वजन, वय, रोग आणि दिवस पाहून मोजलेले असते. स्ट्रिप उरली की तिच्यात फक्त रसायन उरते, त्यामागचा हिशेब उरत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. बत्तीस वर्षे आरोग्य केंद्राच्या खिडकीत बसून मी लोकांना गोळ्या मोजून दिल्या, आणि तरी तू चौथीत असताना तुझ्या आईचा घसा दुखला, तेव्हा घरात उरलेली, पेनिसिलिनच्याच जातीच्या अँपिसिलिनची एक कॅप्सूल मीच तिला दिली. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास घेताना घरघर होऊ लागली. जीपमधून तिला तालुक्याला नेईपर्यंतचा रस्ता मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून तिच्या प्रत्येक केसपेपरवर "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" असे लाल शाईने लिहिलेले असते. आईला आहे म्हणून तुला ती असेलच असे नाही, पण कोणत्याही औषधाने पुरळ आले किंवा धाप लागली, तर त्याचे नाव लिहून ठेव आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना त्यांनी विचारण्याआधीच सांग.

तू पिंपरीत राहतोस, म्हणून एक सांगतो. तुझ्या गावातल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना 1954 सालची, आणि देशात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करण्यासाठी सरकारने तो कारखाना उभारला होता. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनाने पेनिसिलिन आणून थोडेसेच घेतो, जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतात, तेच जंतू बायकोला लागतात, आणि तिच्यावर औषध चालत नाही म्हणून ती दगावते. औषध बाजारात पुरते रुळलेही नव्हते, तेव्हाच शोधणाऱ्याने हे सांगून ठेवले होते. तू घेतलेली प्रत्येक कॅप्सूल नेमक्या जंतूवरच नव्हे, तर आतड्यात आणि कातडीवर राहणाऱ्या असंख्य जंतूंवरही पडते आणि त्यांतले निबर तेवढे मागे उरतात. गोठ्यातही हेच चालते. ढोरांना दिले जाणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे तुझ्या औषधाचेच भावंड आहे, आणि सुई दिलेल्या गाईचे दूध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत डेअरीत घालायचे नसते, हे आपल्याकडे किती जण पाळतात?

मात्र जास्त दिवस घेतले की जास्त बरे, असेही समजू नकोस. आमच्या वेळी सरसकट लांब कोर्स दिले जात. आता साध्या न्यूमोनियालाही अनेकदा पाच दिवस पुरतात, असे डॉक्टर मानतात. दिवस कमी करायचे की वाढवायचे, हे त्यांना विचारून ठरव. मळमळ झाली, जुलाब लागले, तरी गुपचूप बंद न करता फोन करून विचार. एखादी वेळ चुकली तर आठवताच घे, पण पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नकोस.

डॉक्टरांनी पुन्हा हेच औषध दिले, तर ते पेलाभर पाण्याबरोबर बसून घे आणि निदान अर्धा तास आडवा होऊ नकोस, कारण ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. तू रात्री अंथरुणात पडून घोटभर पाण्यावर ती गिळत होतास, हे मी पाहिले होते आणि तेव्हाच बोलायला हवे होते. लोहाची, कॅल्शियमची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी याच्याबरोबर घेऊ नकोस, दोन-तीन तासांचे अंतर ठेव. नाही तर औषध पोटातच बांधले जाते आणि रक्तात उतरत नाही. या दिवसांत कडक उन्हात फिरलास तर कातडी भाजल्यासारखी लाल होते.

त्या सहा कॅप्सूल मी आज आरोग्य केंद्रात नेऊन दिल्या. उकिरड्यावर टाकल्या असत्या तर शेणखताबरोबर आपल्याच पऱ्हाटीत गेल्या असत्या. चिठ्ठीचा आणि रक्ताच्या रिपोर्टचा फोटो काल तुला मोबाइलवर पाठवला आहे. डॉक्टरांना तो दाखव आणि चार दिवसांनी औषध बंद केले, ही गोष्ट लपवू नकोस. हे पत्र पोहोचण्याआधी ताप, डोकेदुखी किंवा धाप पुन्हा सुरू झाली, तर रविवारची वाट पाहू नकोस. आई खुशाल आहे. शेजारच्या पोराचे पडसे औषधाशिवायच ओसरत आहे, आणि काकू आज ताक न्यायला येऊन गेल्या.

तुझा,
बाबा