आई-अण्णा, येळवसेला सांगायचं राहून गेलं

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

येळवसेच्या अमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली होती, तेव्हाच सांगणार होते. पण अण्णा पाहुण्यांना म्हणाले, "ही आमची वकील, खंडपीठात असते," आणि माझा घास घशातच अडकला. म्हणून आता लिहितेय. मी वकिली थांबवली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्टात गेलेच नाही.

अण्णा, सनद गेलेली नाही. सनद चालू असताना स्वतः दुसरा धंदा करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. म्हणून ती रीतसर स्थगित करून घेतली. उद्या वाटलं तर पुन्हा सुरू करता येते. हातातली प्रकरणं पक्षकारांना विचारून चांगल्या वकिलांकडे दिली, कुणालाही अर्ध्यावर सोडलं नाही. ओढ्याकाठचा तुकडा तुम्ही कशासाठी विकला, ते मी विसरलेले नाही. बारा वर्षांच्या वकिलीतून जी शिल्लक पडली, तिच्यावरच हे उभं करतेय. कर्ज काढलेलं नाही.

समर्थनगरात एक तळमजला भाड्यानं घेतलाय. तिथं आजच्या चित्रकारांची आर्ट गॅलरी काढतेय. आपल्याकडची पोरं इथल्या कला महाविद्यालयात शिकतात आणि चित्रं लावायला मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीकडे डोळे लावून बसतात. पण माझी गॅलरी नुसती चित्रांची नाही. जिथं कुणालाच दाराबाहेर थांबावं लागणार नाही, अशी जागा मला हवी आहे. जोतं दीड फूट उंच, म्हणून रॅम्प अठरा फूट लांब झाला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा उतार लागतो. गवंडी म्हणाला, "ताई, आठ फुटांत उरकतो की, कशाला जागा घालवता?" मी ऐकलं नाही. तेवढ्या उभ्या चढावर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि बसलेला जीव मुठीत धरून बसतो. चित्रंही खुर्चीतून दिसतील इतकी खाली लावतेय. खाली ब्रेलमध्ये माहिती, आणि कानाला फोन लावला की मराठीत वर्णन.

पहिलं प्रदर्शन जालन्याकडच्या एका पोराचं आहे. पऱ्हाट्या, कडबा आणि माती घेऊन तो काम करतो. हात फिरवून बघावीत, अशीच ती चित्रं केलेली आहेत. मी डोळे मिटून हात लावला, तर बोटांना आपल्या शेताचा बांध लागला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यावर मी कोर्टात किती बोललेय. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तो निकाल वाचताना मला आक्काच दिसत होती. अजिंठ्याला डोलीत बसायला ती नाही म्हणाली आणि खाली पायऱ्यांपाशीच थांबली. आपण लेणी बघून उतरलो, तेव्हा तिनं मला विचारलं, "पद्मपाणीच्या हातातलं कमळ कसं आहे गं?" मला धड सांगता आलं नाही. येळवसेला मात्र अण्णा तिला पाठुंगळी घेऊन ढेकळांतून शेतात न्यायचे आणि मी मागून तिच्या चपला घेऊन चालायचे. एकीचा तळ झिजलेला, दुसरीचा कोरा.

माझी काळजी करू नका. डबा वेळेवर येतो, भाकरी असते, रात्री आठला घरी असते. तुमचे पैसे दर महिन्याला पाच तारखेला येतील, त्यात फरक पडणार नाही. आई, चुलत्यांना काय सांगायचं याचा घोर लावून घेऊ नकोस, मी स्वतः येऊन सांगेन.

आता माझंही ऐका. अण्णा, काचबिंदूचे थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. डोळा दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नसतं. आई, साखरेची गोळी जेवणाच्या वेळेलाच, पाहुणे असले तरी. आणि पाणी आलं की कळशी उचलायची नाही, पाइप लावायचा. रागावले नाही गं, तुझा गुडघा आठवतो.

पाडव्याला गाडी पाठवते, दोघांनी यायचंच. रॅम्पला दोन्हीकडून कठडा आहे आणि वर पोचल्यावर टेकायला बाकडं. येताना आक्काच्या चपला घेऊन या, माळ्यावर निळ्या ट्रंकेत आहेत. तुम्ही चढू नका, शेजारच्या पोराला सांगा.

तुमची,
मनू