कान्याचं पाणी आणि बाबांचा डोळा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आधी सांगून टाकते, मग काय रागवायचं ते रागवा. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी पक्की केली, 12 मे. तुतारी एक्सप्रेसची तिकिटंही काढली, दोन्ही खालचे बर्थ मिळाले. न विचारता केलं हे खरं. पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "आणि मांजराक कोण बघतला?" दिवाळीत तेच झालं होतं. आता 1 जूनला मासेमारी बंद, मग पाऊस, की गेलं आणखी एक वर्ष.

म्हणून आधी कान्याचीच सोय लावली. शेजारच्या काकी सकाळ-संध्याकाळ येतील. फक्त त्या लाडाने दूध-पेज घालतील, ते आई, तू थांबव. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. खारवलेला बांगडा तर अजिबात नको. पेडव्यांसारखे छोटे मासे नाहीतर कोंबडी उकडायची, मीठ-हळद नाही, कांदा-लसूण नाही, काटे-हाडं काढायची आणि उकडलेलं पाणी त्यातच ठेवायचं. मांजरं मुळातली वाळवंटाकडची, त्यांना तहान कमीच कळते. ती पाणी पितात कमी, खातात जास्त. मी पाठवलेल्या कोरड्या खाऊत पाणी जेमतेम दहावा हिस्सा असतं, तेव्हा तो द्यायचाच तर भिजवून. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिली लागतं, जेवणातलं धरून. म्हणजे आपलं एक फुलपात्र समजा.

आणि पाणी जेवणाशेजारी ठेवू नका. आई, तू म्हणतेस ना, ताटाजवळचं पाणी सोडून हा विहिरीकडच्या दोणीवर जातो, माजलाय? माजला नाही, बऱ्याच मांजरांची रीतच ती. एक मातीचं परळ दोणीजवळ, एक पडवीच्या कोपऱ्यात. पसरट हवं, करवंटीत त्याच्या मिश्या अडतात. रोज घासून ताजं पाणी. नाही प्यायला तर तोंड धरून ओतायचं नाही, ठसका लागून पाणी छातीत जातं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती वरच राहिली, हिरड्या चिकट वाटल्या, किंवा सारखा बसतोय पण लघवी होत नाही, तर काकींनी ताबडतोब डॉक्टरांना बोलवावं. पैसे मी ठेवलेत. बाबांची तापाची गोळी चुकूनही नको, मांजराचा जीव जातो. काकींना ओरबाडलं तर साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुऊन सरळ आरोग्य केंद्रात जायचं.

एवढं सगळं मांजरासाठी, असं बाबा म्हणतील. बाबा, मागच्या खेपेला तुम्ही परळात पाणी ओतत होतात, ते अर्धंअधिक बाजूच्या चिऱ्यावर गेलं. तुम्हाला वाटलं भरलं. कान्या तुमच्याकडे बघत बसला होता. तुम्ही आत गेल्यावर मी ते भरलं, आणि त्या दिवशी काही बोलले नाही. तारीख घेतली ती त्यामुळे.

तुम्हालाही तहान कळत नाही हल्ली. आई सांगत होती, दुपारी उठून उभं राहिलात की अंधारी येते. मला कावीळ झाली होती तेव्हा पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायचात, एक पेला एक रेघ, आणि पाच झाल्या की आडवी. मी चोरून एक जास्त मारली तर तुम्हाला कळायचं. चुना लावूनही त्यातल्या दोन-तीन दिसतात अजून. त्याच्या खाली आता तुमच्या मारा. निघेपर्यंत रोज बघेन व्हिडिओवर.

इकडे काही अडचण नाही. तुमची खोली हवेशीर आहे, संडास जोडून आहे, उकड्या तांदळाची पेज मिळेल, आईसाठी पहाटेचा चहा मी करून ठेवेन. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न. औषधाचे थेंब मी घालेन. नंतरही डॉक्टर सांगेपर्यंत रहाटाला हात लावायचा नाही, हे आत्ताच कबूल करा.

जुना चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आधीचे सगळे कागद एका पिशवीत. आई, कोकमं आणू नकोस, आहेत. बरं, थोडी आण.

तुमची,
बाय

ता. क. निघताना कान्याच्या समोर बॅगा भरू नका. मागच्या वेळी मी भरली तेव्हा तो तिच्यातच जाऊन बसला होता.