पीएफचे पैसे आले, सात वर्षांची सेवा मात्र वाटेतच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी सोडल्यावर पीएफ काढून घेणे सोपे आणि तोच पीएफ पुढच्या नोकरीत नेणे अवघड, अशी आपल्याकडची आजची स्थिती आहे. म्हातारपणाची सोय व्हावी म्हणून 1952 साली ज्या योजनेचा कायदा झाला, त्या योजनेत उलटा अनुभव यावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटे. आता स्वतःच्या प्रकरणात दोन-अडीच वर्षे हेलपाटे घातल्यावर त्यामागची कारणे बऱ्यापैकी कळली आहेत. नोकरी बदलणाऱ्या इतरांना ती वेळीच कळावीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

जून 2003 ते ऑगस्ट 2010 अशी सात वर्षे दोन महिने मी एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागात काम केले. सासूबाईंच्या आजारपणामुळे नोकरी सोडली आणि मुले मोठी झाल्यावर डिसेंबर 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीत रुजू झाले. मला पेन्शनच्या वयाची, म्हणजे 58 वर्षे पूर्ण होतील तेव्हा या दुसऱ्या नोकरीला सहा वर्षे तीन महिने झालेले असतील. कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू असलेल्या ईपीएसमध्ये, दरमहा पेन्शन मिळायची तर किमान दहा वर्षांची सेवा लागते. माझ्या दोन्ही नोकऱ्यांपैकी एकही एकटीने दहा वर्षांची नाही. दोन्ही जोडल्या तर तेरा वर्षे भरतात. म्हणजे पेन्शन मिळणार की नाही, हे सर्वस्वी त्या जुन्या सात वर्षांच्या जोडणीवर अवलंबून आहे.

येथे एक गोष्ट उलगडून सांगितली पाहिजे, कारण ती मला स्वतःला, आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत डोके घालूनही, माहीत नव्हती. पगारातून आपले 12 टक्के कापले जातात आणि कंपनीही 12 टक्के भरते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण कंपनीच्या 12 टक्क्यांतील 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेलेच पीएफच्या खात्यात पडतात. वेतनमर्यादा, म्हणजे या हिशेबात धरला जाणारा जास्तीत जास्त मासिक पगार, 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये असल्याने पेन्शनचा हा वाटा सर्वसाधारणपणे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये होतो. पीएफची रक्कम व्याजासह साठत जाते आणि ती जशीच्या तशी आपली असते. पेन्शनचे तसे नाही. पेन्शन ठरते ती किती रुपये साठले यावरून नव्हे, तर किती वर्षे सेवा झाली आणि शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार काय होता यावरून. त्या पगाराला वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. त्यामुळे नोकरी बदलताना पीएफचे पैसे हलवायचे असतात, तर पेन्शनच्या बाबतीत सेवेची नोंद हलवायची असते. या दोन गोष्टी एकाच अर्जाने, म्हणजे नमुना 13 ने होतात, असे आपण समजून चालतो. कागदावर ते खरेही आहे.

माझी पहिली कंपनी 'सूटप्राप्त' होती. मोठ्या कंपन्यांना पीएफचा निधी स्वतःच्या ट्रस्टमार्फत सांभाळण्याची मुभा असते. पेन्शनचा वाटा मात्र त्यांनाही सरकारी निधीतच भरावा लागतो. परिणामी एकाच नोकरीचा पैसा एका दारी आणि सेवेची नोंद दुसऱ्या दारी, अशी विभागणी होते. शिवाय मी 2010 मध्ये नोकरी सोडली आणि बारा अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा सभासदाचा क्रमांक, आला 2014 मध्ये. ज्यांनी त्याआधी नोकरी सोडली, त्यांच्या जुन्या खात्याला हा क्रमांकच नसतो, आणि क्रमांक नाही म्हणजे पीएफच्या ऑनलाइन पोर्टलच्या लेखी ते खाते अस्तित्वातच नसते. मला कागदी अर्ज करावा लागला. बराच काळ गेल्यावर ट्रस्टकडून पीएफची रक्कम नव्या खात्यात जमा झाली. पासबुकात तो आकडा दिसला त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते, हे आता आठवले की हसू येते.

पासबुकात तीन रकाने असतात: कर्मचाऱ्याचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शनचा वाटा. स्थलांतराच्या ओळीत पहिल्या दोन रकान्यांत रक्कम होती आणि तिसऱ्यात शून्य. ते शून्य पाहून मी घाबरले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने समजावले, की पेन्शनचा पैसा आधीपासून एकाच निधीत असल्याने तो इकडून तिकडे जातच नाही, म्हणून तेथे शून्यच दिसते. तुम्ही काळजी करू नका. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. हेच शून्य पाहून घाबरलेले आणखी चार जण तरी मला त्या रांगेत भेटले. स्थलांतराच्या ओळीखाली याचा खुलासा मराठीत एका वाक्यात छापला, तर केवढी गर्दी कमी होईल!

पण काळजी करण्यासारखी गोष्ट दुसऱ्या पानावर होती, आणि तिकडे कोणी बोट दाखवले नाही. पोर्टलवर 'सेवेचा इतिहास' असे एक पान आहे. त्यात माझ्या नावावर एकच नोकरी होती, डिसेंबर 2019 पासूनची. शोध घेतल्यावर कळले, की जुन्या ट्रस्टने पैशांबरोबर जो दाखला पाठवायचा असतो, ज्याला सगळे 'परिशिष्ट के' म्हणतात, तो पाठवला होता. मात्र त्यात पीएफच्या रकमेचा हिशेब पूर्ण होता आणि पेन्शनच्या सेवेचे रकाने कोरे होते. रुजू झाल्याची तारीख नाही, सोडल्याची तारीख नाही. एका पानावरच्या चार कोऱ्या चौकटींनी सात वर्षे पुसून टाकली होती.

त्या चौकटी भरून घेण्यासाठी जुन्या कंपनीकडे गेले, तर नावाचा घोळ निघाला. माझी पहिली नोकरी लग्नाआधी लागली होती. तेथील दफ्तरी माहेरचे नाव, आधारवर सासरचे. त्यातही माहेरच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग नियुक्तिपत्रावर एक आणि पगाराच्या चिठ्ठीवर दुसरे. (जन्मतारखेचा घोळ निदान माझ्या वाट्याला आला नाही. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची तारीख 1 जून लिहून टाकली आणि नोकरीत लागताना ज्यांनी आईने सांगितलेली खरी तारीख दिली, अशा माझ्या पिढीतील मंडळींचे हाल विचारू नयेत.) नाव दुरुस्त करायचे तर संयुक्त घोषणापत्र लागते. संयुक्त म्हणजे त्यावर सभासदाबरोबर नियोक्त्याचीही सही हवी. आता पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बाईसाठी सही करण्यात कंपनीचा फायदा काय? तोटाही नाही, पण फायदा नसलेले काम कपाटाच्या कोणत्या खणात जाते, हे ज्याने कचेरीत दिवस काढले आहेत त्याला सांगायला नको. "मॅडम, तुमच्या वेळचे कोणीच आता इथे नाही," असे मला तीनदा सांगण्यात आले, आणि तीनही वेळा सांगणारी व्यक्ती वेगळी होती.

कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी वगैरेंकडून साक्षांकन करून घेण्याची सोय नियमांत आहे. माझी कंपनी बंद पडलेली नाही. ती एका मोठ्या समूहात विलीन झाली, कारखान्याची जागा बदलली, ट्रस्टचे दफ्तर तिसरीकडे गेले. म्हणजे बंद कंपनीची सवलत मला लागू नाही आणि चालू कंपनीत मला ओळखणारे कोणी नाही.

गेल्या काही काळात सुधारणा झालेल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती आधारच्या ओटीपीने स्वतः भरता येते. ही सोय 2020 पासून आहे आणि ती मोलाची आहे. जानेवारी 2025 मध्ये बऱ्याच प्रकरणांत स्थलांतरासाठी नियोक्त्याच्या मंजुरीची अट काढली गेली आणि ज्यांचा आधारशी पडताळलेला यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आहे, त्यांना नाव-तारखेसारख्या दुरुस्त्या स्वतः करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नमुना 13 ची प्रक्रिया बदलली आणि पैसे जेथे जायचे त्या कार्यालयाची वेगळी मंजुरी घेण्याचा टप्पा गेला. आज तिशीत असलेल्या मुलामुलींना याचा नक्कीच लाभ होईल. पण जे लोक आत्ता, या चार-पाच वर्षांत, 58 चे होत आहेत, त्यांच्या नोकऱ्या कागदी वह्यांच्या काळातल्या आहेत, आणि प्रत्येक सवलतीची सुरुवात 'आधारशी जोडलेला यूएएन' या शब्दांनी होते. ज्यांना दुरुस्तीसाठी सर्वांत कमी वेळ उरला आहे, नेमके तेच या सुधारणांच्या बाहेर राहिले आहेत.

दुसरी अडचण मुदतीची. भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद 72 नुसार परिपूर्ण दावा वीस दिवसांत निकाली काढायचा असतो आणि पुरेशा कारणाविना उशीर झाला, तर 12 टक्के दराने दंडव्याजाची, तेही आयुक्तांच्या वेतनातून वसुलीची, तरतूद आहे. फार कमी सभासदांना ती ठाऊक असते. मात्र त्या तरतुदीची भाषा लाभार्थ्याच्या हातात पडणाऱ्या रकमेची आहे. स्थलांतरात सभासदाच्या हातात काहीच पडत नाही, आणि सेवेची नोंद म्हणजे तर रक्कमही नव्हे. हरवलेल्या वर्षांवर कोणत्या दराने व्याज आकारणार? म्हणून सेवेची नोंद पोहोचवण्यालाही पैशांसारखीच निश्चित मुदत असावी, ट्रस्टचा अपुरा दाखला स्वीकारलाच जाऊ नये आणि त्याची एक प्रत सभासदाला न मागता मिळावी, अशी माझी सूचना आहे. दाखल्याची प्रत मला त्याच वेळी मिळाली असती, तर त्या चार कोऱ्या चौकटी मी त्याच दिवशी पाहिल्या असत्या. आणि कंपन्यांची विलीनीकरणे होतात तेव्हा कर्जे, जमिनी, यंत्रे यांची जबाबदारी कोणाकडे गेली हे काटेकोरपणे लिहिले जाते. जुन्या कामगारांच्या नोंदींवर सही कोण करणार, हेही त्यात लिहिणे बंधनकारक करायला काय हरकत आहे?

पैसे काढून घेण्याची वाट या सगळ्याच्या मानाने किती सरळ आहे पाहा. माझ्याबरोबर 2010 मध्ये नोकरी सोडलेल्या दोघींनी पीएफ आणि पेन्शनचा वाटा दोन्ही काढून घेतले आणि त्या मोकळ्या झाल्या. पेन्शनचा वाटा काढला की ती सेवा संपते, पुढची दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात, हे त्यांना कोणी सांगितले नाही. पीएफ पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर प्राप्तिकर लागू शकतो, एवढेच काय ते लोकांच्या कानावर असते. नमुना 10-सी हा पैसे काढण्याचाच अर्ज अशी त्याची ओळख झाली आहे. वास्तविक त्याच अर्जावर दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्या माणसाला पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागता येते आणि ते जपून ठेवून पुढच्या नोकरीत जोडता येते. माझ्याकडे 2010 मध्ये ते सर्टिफिकेट असते, तर आज हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. त्या काळी मनुष्यबळ विभागाने राजीनाम्याच्या दिवशी ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली आणि कँटीनची कुपने आठवणीने मागून घेतली. हा अर्ज हातात ठेवण्याची आठवण कोणाला झाली नाही.

म्हणून आज नोकरी सोडणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की शेवटच्या पगाराची वाट पाहता पाहता 'सेवेचा इतिहास' हे पान उघडून तारखा जुळतात का ते पाहून घ्या, नव्या कंपनीत नमुना 11 भरताना आधीच्या पेन्शन सदस्यत्वाच्या प्रश्नापुढे घाईत 'नाही' लिहू नका आणि पीएफची रक्कम आली म्हणून पेन्शनचे काम झाले असे मानू नका.

माझ्या बाबतीत हिशेब फार मोठ्या रकमेचा नाही. 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6,500 रुपयांची आणि नंतरच्या सेवेला 15,000 रुपयांची वेतनमर्यादा लागते. त्या हिशेबाने जुन्या सात वर्षांचे 650 आणि नव्या सहा वर्षांचे साधारण 1,286, मिळून महिन्याला 1,936 रुपयांच्या आसपास पेन्शन बसते. सात वर्षे जोडली गेली नाहीत, तर 650 रुपये कमी होणार नाहीत, सगळेच 1,936 जातील, कारण दहा वर्षांची अटच पुरी होणार नाही. हातावर एकरकमी काही पैसे ठेवून प्रकरण मिटेल.

दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हा तक्रार निवारणाचा कार्यक्रम असतो. या महिन्यात मी तेथे पुन्हा जाणार आहे. सोबत 2003 चे नियुक्तिपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचे राजपत्र आणि पगाराच्या एकूण 61 चिठ्ठ्या आहेत. उरलेल्या पंचवीस पावसाळ्यात भिजून गेल्या.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)