दूध डेअरीतही लावा ही माहिती

महोदय,

कडबाकुट्टीत माझ्या चुलतभावाचा उजवा हात मनगटाच्या वर तुटला. पाच वर्षं तो लग्नकार्यात बाही लपवत कोपऱ्यात बसायचा. रोटरीच्या शिबिरात त्याला 'एलएन-४' हा कृत्रिम हात मोफत मिळाला. कॅलिफोर्नियाच्या अर्नी मेडोज यांनी अपघातात गेलेल्या एलन या लेकीच्या स्मरणार्थ घडवलेला. ना शस्त्रक्रिया, ना बॅटरी. स्वयंसेवकांनी पट्टे आवळले, भावाने डाव्या हाताने ती बोटं मिटवून पेन धरलं. सही वाकडीतिकडी आली, पण त्याची स्वतःची! कोपराखाली पुरेसा हात शिल्लक असेल तरच हा बसतो. अशा शिबिरांची माहिती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दूध डेअरीत लावायला हवी. आम्हाला ती योगायोगानेच कळली, तीही पाच वर्षांनी.

– एक वाचक, बार्शी